कंट्री संगीताचे स्मरणदिन

कंट्री संगीताचे स्मरणदिन : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कंट्री या लोकप्रिय संगीतप्रकाराच्या इतिहासात संस्मरणीय ठरलेल्या घटनांचे, कलावंतांच्या जन्ममृत्यूंचे आणि संस्थांच्या स्थापनेचे दिवस. हा संगीतप्रकार मुख्यतः दक्षिणेकडील राज्यांत विकसित झाला. फिड्ल, बँजो, गिटार आणि पुढील काळात स्टील गिटार यांच्या साथीने गायिलेली कथनपर गीते; घर, आई, आगगाडी, तुरुंग, मद्यपान, विरह, पश्चात्ताप व परमेश्वरावरील श्रद्धा हे विषय; आणि साध्या, चटकन ध्यानात राहणाऱ्या चाली ही त्याची ठळक लक्षणे होत. हे संगीत स्वतःला जुन्या, ग्रामीण व अकृत्रिम परंपरेचा वारस म्हणविते. त्याचे जन्मदिवस मात्र ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या आणि नभोवाणी केंद्रांच्या नोंदींतून घेतलेले आहेत. म्हणजेच हे दिवस त्याच्या उगमापेक्षा त्याच्या बाजारपेठेतील प्रवेशाचे निदर्शक आहेत. कोणता दिवस साजरा करावयाचा, याच्या निवडीतून या परंपरेचे मानकरी कोण, या प्रश्नालाही वेळोवेळी एक विशिष्ट उत्तर दिले गेले. प्रस्तुत नोंदीत प्रमुख स्मरणदिनांचा या दृष्टीने परामर्श घेतला आहे.

पार्श्वभूमी : कंट्री संगीताच्या घडणीत अनेक प्रवाह एकत्र आले. इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड येथून अ‍ॅपालॅचियन डोंगराळ प्रदेशात स्थायिक झालेल्या लोकांनी आपली पोवाडेवजा कथागीते आणि फिड्लवरील नृत्याच्या चाली बरोबर आणल्या. बँजो हे वाद्य आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणल्या गेलेल्या लोकांच्या वाद्यपरंपरेतून निर्माण झाले. एकोणिसाव्या शतकात चेहऱ्याला काळे फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या मिन्स्ट्रेल नाटकमंडळ्यांनी अनेक गीते खेडोपाडी पोहोचविली. चर्चमधील सामूहिक स्तोत्रे, कृष्णवर्णीयांचे ब्लूज संगीत, हवाई बेटांतून आलेली स्टील गिटार वाजविण्याची पद्धत आणि आल्प्स पर्वतप्रदेशातील यॉडल ही स्वर उलटविण्याची गायनरीती यांचीही त्यात भर पडली. इंग्लिश लोकगीतसंग्राहक सेसिल शार्प याने १९१६–१८ या काळात अ‍ॅपालॅचियन प्रदेशात हिंडून गीते टिपून घेतली. त्याचा शोध मुख्यतः इंग्लंडमधून आलेल्या गीतांचा होता. तेथील कृष्णवर्णीय रहिवाशांच्या संगीताकडे त्याने फारसे लक्ष दिले नाही. पुढील इतिहासलेखनावर या दृष्टीची छाया दीर्घकाळ राहिली.

या प्रवाहांपैकी एकाचीही निश्चित जन्मतिथी सांगता येत नाही. तिथींचा आरंभ होतो तो यंत्रांपासून. मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेच्या ब्लूज ध्वनिमुद्रिकेला १९२० मध्ये अनपेक्षित यश लाभले आणि आजवर दुर्लक्षिलेल्या समाजगटांतही ध्वनिमुद्रिकांना ग्राहक आहे, हे कंपन्यांच्या लक्षात आले. १९२२ पासून दक्षिणेतील शहरांत नभोवाणी केंद्रे सुरू झाली आणि स्थानिक वादक-गायकांना दूरवरचा श्रोता मिळू लागला. पुढे कंपन्यांनी आपल्या मालाची वर्णानुसार विभागणी केली. कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी ‘रेस’ ही एक मालिका आणि ग्रामीण श्वेतवर्णीयांसाठी ‘जुन्या चाली’ किंवा ‘हिलबिली’ ही दुसरी मालिका निघू लागली. वास्तविक दक्षिणेतील दोन्ही वर्णांचे वादक एकमेकांच्या चाली वाजवीत असत. पण विक्रेत्यांच्या सूचिपत्रांत या एकत्रित व्यवहाराला जागा उरली नाही. कंट्री संगीताची दिनदर्शिका याच दुसऱ्या मालिकेच्या आधारे तयार झाली, ही गोष्ट तिचे मूल्यमापन करताना ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

आरंभाचे दिवस : कंट्री संगीताची शताब्दी कोणत्या वर्षी मानावी, याबद्दल एकमत नाही. टेक्ससमधील फिड्लवादक अलेक्झांडर रॉबर्टसन आणि त्याचा वयोवृद्ध साथीदार हेन्री गिलिलंड यांनी ३० जून १९२२ रोजी न्यूयॉर्क येथे व्हिक्टर कंपनीसाठी फिड्लवादन मुद्रित केले. दुसऱ्या दिवशी रॉबर्टसनने एकट्याने वादन केले. दक्षिणेतील फिड्लवादनाचे हे आरंभीचे व्यापारी ध्वनिमुद्रण होय. कलेच्या दृष्टीने रॉबर्टसनचे वादन असामान्य आहे. एकच छोटी चाल घेऊन तिची तो जी एकामागून एक रूपे उभी करतो, ती ऐकताना मुद्रणाच्या सदोष यंत्रणेचाही विसर पडतो. परंतु या मुद्रणाचा व्यापारी परिणाम मर्यादित राहिला आणि त्यामुळे स्मरणदिनांच्या सूचीतही त्याला दुय्यम स्थान मिळाले.

याउलट जॉर्जिया राज्यातील फिड्लवादक-गायक जॉन कार्सन याच्या ध्वनिमुद्रणाला मोठा मान मिळाला. ओके कंपनीचा प्रतिनिधी राल्फ पीअर याने जून १९२३ मध्ये अ‍ॅटलांटा येथे हे मुद्रण केले. पीअरला कार्सनचे गायन मुळीच आवडले नव्हते. परंतु पोल्क ब्रॉकमन या स्थानिक विक्रेत्याच्या आग्रहावरून प्रथम ५०० प्रती काढण्यात आल्या. त्या लवकरच संपल्या आणि ग्रामीण संगीताला ग्राहक आहे, हे सिद्ध झाले. या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवरील ‘द लिट्ल ओल्ड लॉग कॅबिन इन द लेन’ हे गीत विल हेज या व्यावसायिक गीतकाराने १८७१ च्या सुमारास रंगभूमीसाठी रचले होते. त्यात एका वृद्ध कृष्णवर्णीयाच्या तोंडी गतकाळाबद्दलची हळहळ घातलेली आहे. ‘अस्सल’ ग्रामीण परंपरेचा पहिला यशस्वी नमुना म्हणून जे मिरविले गेले, ते मुळात नागर करमणुकीचे अपत्य होते. पन्नास वर्षांच्या अवधीत ते लोकांनी आपलेसे केले आणि कार्सनच्या खडबडीत, बेडौल वाटणाऱ्या आवाजात ते त्याच्या स्वतःच्या आयुष्याचे गीत वाटू लागले. कंट्री संगीतातील अस्सलपणा म्हणजे उगमाची शुद्धता नव्हे, तर स्वीकाराची आत्मीयता होय, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

१९२४ हे वर्षही याच दृष्टीने महत्त्वाचे आहे. मूळचा टेक्ससचा, परंतु न्यूयॉर्कमध्ये संगीतिकांतून भूमिका करणारा गायक व्हर्नन डालहार्ट याने त्या वर्षी मुद्रित केलेल्या एका तुरुंगगीताच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. एवढे यश असूनही डालहार्टचा दिवस कोणी उत्साहाने साजरा करीत नाही. शिकविलेला आवाज आणि शहरी कारकीर्द या दोन गोष्टी परंपरेच्या आत्मप्रतिमेशी जुळत नाहीत, हे त्याचे कारण असावे. जानेवारी १९२५ मध्ये अल हॉपकिन्स याच्या वाद्यवृंदाने न्यूयॉर्कमध्ये मुद्रण केले, तेव्हा त्यांना ‘हिल बिलीज’ हे नाव मिळाले. डोंगरी गावंढळ असा हेटाळणीचा अर्थ असलेला हा शब्द पुढे सु. दोन दशके संपूर्ण संगीतप्रकाराला चिकटून राहिला. ‘बिलबोर्ड’ या व्यापारी नियतकालिकाने १९४९ मध्ये आपल्या खपाच्या यादीसाठी ‘कंट्री अँड वेस्टर्न’ हे नाव स्वीकारल्यावर त्याला प्रतिष्ठित पर्याय मिळाला.

ब्रिस्टल येथील ध्वनिमुद्रणे : सर्व स्मरणदिनांत सर्वाधिक महत्त्व ब्रिस्टल येथील ध्वनिमुद्रणांना दिले जाते. टेनेसी व व्हर्जिनिया या राज्यांची सीमा या गावाच्या मुख्य रस्त्यावरून जाते. २५ जुलै ते ५ ऑगस्ट १९२७ या काळात, आता व्हिक्टर कंपनीसाठी काम करणाऱ्या पीअरने टेनेसीच्या बाजूला एका जुन्या व्यापारी इमारतीत तात्पुरती मुद्रणव्यवस्था उभारली आणि १९ कलावंतांची वा गटांची ७६ मुद्रणे केली. अर्नेस्ट स्टोनमन या अगोदरच यशस्वी झालेल्या गायकाच्या मोठ्या कमाईची वार्ता स्थानिक वृत्तपत्रात प्रसिद्ध झाल्यावर डोंगराळ भागातून इच्छुकांची रीघ लागली. त्यांतून दोन नावे चिरंतन झाली. १ व २ ऑगस्ट रोजी ए. पी. कार्टर, त्याची पत्नी सारा आणि भावजय मेबेल यांनी, तर ४ ऑगस्ट रोजी जिमी रॉजर्स याने प्रथम मुद्रण केले.

या दोहोंतील विरोध लक्षणीय आहे. कार्टर कुटुंबाच्या गीतांत साराचा गंभीर, अलिप्त आणि काहीसा रुक्ष स्वर भावनेचे प्रदर्शन टाळतो. मेबेल अंगठ्याने गिटारच्या खर्जाच्या तारांवर मुख्य चाल आणि इतर बोटांनी ताल वाजविते. साथीचे वाद्य तिच्या हाती प्रमुख वाद्य झाले. रॉजर्सचे गायन याच्या अगदी उलट, सैल, खेळकर व व्यक्तिगत आहे. रेल्वेतील कामगार म्हणून काम करताना ऐकलेले ब्लूज आणि यॉडल यांचा त्याने संयोग केला. कार्टर कुटुंब हे घराचे, तर रॉजर्स हा भटकंतीचा प्रतिनिधी मानला जातो आणि कंट्री संगीताचे दोन मूलभूत भाव एकाच आठवड्यात एकाच जागी प्रकट झाले, असे आवर्जून सांगितले जाते. या योगायोगामुळेच ब्रिस्टलच्या घटनेला पुराणकथेचे स्वरूप आले. संगीतेतिहासकारांनी तिला विश्वोत्पत्तीच्या महास्फोटाची उपमा दिली. संयुक्त संस्थानांच्या काँग्रेसने १९९८ मध्ये ब्रिस्टलला कंट्री संगीताचे जन्मस्थान म्हणून मान्यता दिली. २०१४ मध्ये तेथे संग्रहालय उघडण्यात आले. या मुद्रणांची शताब्दी २०२७ मध्ये येते.

ही उपमा मात्र चिकित्सेला उतरत नाही. १९२७ पूर्वीच कार्सन, डालहार्ट, स्टोनमन आदींच्या ध्वनिमुद्रिका देशभर विकल्या जात होत्या. ब्रिस्टलचे खरे नावीन्य संगीतापेक्षा व्यवहारात होते. पीअरने गीतांच्या स्वामित्वाची पद्धत बसविली. कलावंताला प्रत्येक मुद्रणासाठी ठराविक रक्कम मिळे आणि गीताचे प्रकाशनहक्क पीअरकडे राहून त्यावरील उत्पन्नाचा काही भाग कलावंताला मिळे. त्यामुळे ज्यावर स्वामित्व सांगता येईल अशी ‘नवी’ पण जुन्या वळणाची गीते त्याला हवी असत. ए. पी. कार्टर गावोगाव हिंडून गीते जमवू लागला तो या मागणीमुळे. त्याने आणलेली पुष्कळशी गीते त्याच्या नावावर नोंदविली गेली. लोकांच्या मुखी असलेल्या गीताला अशा रीतीने एक कर्ता आणि एक दिनांक लाभला. कार्टर कुटुंबाने १९३५ मध्ये मुद्रित केलेले आणि पुढे साऱ्या कंट्री संगीताचे जणू कुलगीत झालेले अखंड वर्तुळाचे गीतही १९०७ मधील एका छापील स्तोत्राचे रूपांतर आहे. त्याचे मूळ कर्ते एडा हॅबरशॉन व चार्ल्स गेब्रिएल हे असले, तरी सर्वसामान्य श्रोत्याच्या दृष्टीने त्याचा इतिहास कार्टर कुटुंबापासून सुरू होतो.

ग्रामसंग्रहाच्या या प्रवासांत ए. पी. कार्टरबरोबर अनेकदा लेस्ली रिड्ल हा टेनेसीतील कृष्णवर्णीय गिटारवादक असे. कार्टर शब्द उतरवून घेई आणि रिड्ल चाल स्मरणात ठेवी. मेबेलच्या गिटारवादनावरही त्याचा प्रभाव पडला. परंतु चाल लक्षात ठेवणाऱ्याचे नाव स्वामित्वाच्या नोंदीत आले नाही आणि म्हणून स्मरणदिनांतही ते नाही. खुद्द ब्रिस्टल येथे एल वॉटसन हा माउथ ऑर्गन वाजविणारा कृष्णवर्णीय कलावंत मुद्रणासाठी आला होता, ही वस्तुस्थितीही उत्सवी वर्णनांतून बहुधा वगळली जाते.

ग्रँड ओल ऑप्री : नॅशव्हिल येथील एका विमा कंपनीने ५ ऑक्टोबर १९२५ रोजी डब्ल्यूएसएम हे नभोवाणी केंद्र सुरू केले. २८ नोव्हेंबर १९२५ रोजी तेथे जिमी टॉम्प्सन या सत्तरी ओलांडलेल्या फिड्लवादकाचे वादन प्रक्षेपित झाले. निवेदक जॉर्ज हे याने त्यातून शनिवारच्या रात्रीचा नियमित कार्यक्रम घडविला आणि डिसेंबर १९२७ मध्ये त्याला ‘ग्रँड ओल ऑप्री’ हे नाव दिले. हे नाव म्हणजे अभिजात संगीतिकेची, म्हणजे ऑपेराची, ग्रामीण उच्चारातील थट्टा होय. या कार्यक्रमाचा जन्मदिन २८ नोव्हेंबर हा मानला जातो; नियमित प्रक्षेपण मात्र डिसेंबरात सुरू झाले आणि वर्धापनाचे सोहळे अनेक वर्षे ऑक्टोबरात होत आले आहेत. विमा कंपनीच्या दृष्टीने हा कार्यक्रम म्हणजे ग्रामीण ग्राहकाच्या घरात शिरण्याचा मार्ग होता. तथापि जाहिरातीच्या हेतूने सुरू झालेला हा कार्यक्रम लक्षावधी कुटुंबांच्या साप्ताहिक जीवनाचा भाग झाला आणि २०२५ मध्ये त्याने शताब्दी गाठली, हेही तितकेच खरे आहे. आरंभीचा हेतू व्यापारी असणे आणि फलश्रुती सांस्कृतिक असणे यांत विरोध नाही. मात्र पहिली गोष्ट झाकून दुसरीच सांगणे हे अर्धसत्य ठरते.

कार्यक्रमाचे नामकरण झाले त्या रात्री नेटवर्कवरील अभिजात संगीताच्या कार्यक्रमानंतर ऑप्रीचा आरंभ डेफर्ड बेली (१४ डिसेंबर १८९९–२ जुलै १९८२) याच्या माउथ ऑर्गनवादनाने झाला होता. आगगाडीचा दूरवरून येणारा, जवळून धडधडत जाणारा आणि विरत जाणारा ध्वनी तो एवढ्याशा वाद्यावर हुबेहूब उभा करी. परंतु त्याची कला अनुकरणापुरती नव्हती. वाफेच्या सुस्काऱ्यांतून आणि चाकांच्या लयीतून तो एक बांधेसूद रचना साकार करीत असे. बेली हा गुलामगिरीत जन्मलेल्या आजोबांचा नातू व ऑप्रीचा पहिला कृष्णवर्णीय लोकप्रिय कलावंत. १९२८ मध्ये तो या कार्यक्रमात इतर कोणाहूनही अधिक वेळा वाजला. दौऱ्यांवर असताना त्याच्या नावाने गर्दी जमे. परंतु वर्णभेदाच्या नियमांमुळे त्याला सहकाऱ्यांबरोबर राहता वा जेवता येत नसे.

१९४१ मध्ये बेलीला काढून टाकण्यात आले. त्याच्याजवळ थोड्याच रचना होत्या व नवे शिकण्याची त्याची तयारी नव्हती, असे कारण हे याने आपल्या आठवणींत नमूद केले आहे. डेव्हिड मॉर्टन याने चार्ल्स वुल्फ याच्या साहाय्याने लिहिलेल्या व १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेलीच्या चरित्रात दुसरी बाजू आली आहे. त्या वर्षी गीतस्वामित्वाच्या शुल्कावरून नभोवाणी केंद्रे आणि जुनी हक्कसंस्था यांत तंटा झाला होता. त्यामुळे बेलीच्या सर्वांत लोकप्रिय रचना वाजविण्यास मनाई झाली आणि श्रोत्यांना हव्या असलेल्या चाली सोडून नव्या वाजविण्याची सूचना त्याला अन्यायाची वाटली. त्यानंतर अनेक वर्षे त्याने नॅशव्हिलमध्ये बूटपॉलिशचे दुकान चालविले. १९७४ मध्ये जुन्या कलावंतांच्या स्मरणोत्सवासाठी ऑप्रीने त्याला पुन्हा बोलाविले. कंट्री म्यूझिक हॉल ऑफ फेम या सन्मानसंस्थेत त्याची निवड २००५ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर २३ वर्षांनी झाली. स्मरणदिन हे विस्मरण झाकण्याचे, तसेच ते दुरुस्त करण्याचेही साधन होऊ शकते, याचे बेली हे बोलके उदाहरण होय.

ऑप्रीच्या स्थलांतराचा दिवसही स्मरणीय मानला जातो. १९४३ पासून हा कार्यक्रम रायमन सभागृहात होत असे. मुळात १८९२ मध्ये धर्मोपदेशासाठी बांधलेली ही वास्तू जुनी व गैरसोयीची झाल्यामुळे शहराबाहेर नवे प्रेक्षागृह उभारण्यात आले. त्याचे उद्‌घाटन १६ मार्च १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या उपस्थितीत झाले. तो त्यांच्या पत्नीचा वाढदिवस होता आणि निक्सन यांनी स्वतः पियानो वाजवून तो साजरा केला. वॉटरगेट प्रकरणाने घेरलेल्या निक्सन यांनी पुढे ऑगस्टमध्ये राजीनामा दिला. राजकीय सत्तेला या संगीताच्या श्रोत्यांची सहानुभूती मोलाची वाटू लागली होती, हे त्या सोहळ्यावरून दिसते. रायमनच्या रंगमंचाच्या लाकडाचा एक वर्तुळाकार तुकडा नव्या रंगमंचात बसविण्यात आला. त्यावर उभे राहून गाणे हा नवोदितांना आजही मोठा बहुमान वाटतो.

जयंत्या व पुण्यतिथ्या : व्यक्तींच्या स्मरणदिनांत मृत्युदिनांना विशेष स्थान आहे. क्षयाने ग्रासलेला जिमी रॉजर्स (८ सप्टेंबर १८९७–२६ मे १९३३) न्यूयॉर्क येथे अखेरचे मुद्रण करून दोन दिवसांत वारला. जुलै १९३० मध्ये त्याने लुई आर्मस्ट्राँग या कृष्णवर्णीय जॅझ वादकाच्या ट्रंपेटच्या साथीने एक गीत मुद्रित केले होते. वर्णभेदाची सूचिपत्रे खोटी पाडणारे असे ते मुद्रण आहे [→ जॅझ संगीत]. त्याच्या विसाव्या पुण्यतिथीला, २६ मे १९५३ रोजी, अर्नेस्ट टब व हँक स्नो या त्याच्या चाहत्या गायकांनी मिसिसिपीतील मेरिडियन या गावी मोठा समारंभ घडवून आणला. कंट्री संगीताने आपल्या पूर्वजाचा असा जाहीर उत्सव करण्याची प्रथा यातून दृढ झाली. हेटाळणीचा विषय झालेल्या कलावंतवर्गाला स्वतःचा इतिहास आहे, असे ठासून सांगण्याचा तो प्रयत्न होता.

त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी हँक विल्यम्स (१७ सप्टेंबर १९२३–१ जानेवारी १९५३) वयाच्या २९ व्या वर्षी मोटारीच्या मागील आसनावर प्रवासातच मृतावस्थेत आढळला. त्याचा प्राण नेमका कोठे व केव्हा गेला, हे निश्चित सांगता येत नाही; तरी नववर्षदिन हा त्याचा पुण्यदिन ठरला. ११ जून १९४९ रोजी ऑप्रीत पहिल्याच गायनाने त्याने श्रोत्यांना वेड लावले आणि ऑगस्ट १९५२ मध्ये मद्यपान व बेशिस्त यांमुळे त्याच कार्यक्रमाने त्याला काढून टाकले. अंत्यविधीला मात्र ऑप्रीतील अनेक कलावंत हजर होते. त्याची गीते अगदी मोजक्या व रोजच्या शब्दांत एकाकीपणाची वेदना सांगतात. अलंकार जवळजवळ नाहीत आणि निसर्गाचा एखादा तपशीलही दुःखाचा साक्षीदार होऊन येतो. बालपणी अलाबामात रुफस पेन या कृष्णवर्णीय रस्त्यावरील वादकाकडून आपण गिटार शिकलो, असे तो स्वतः सांगत असे. २०१० मध्ये त्याला मरणोत्तर पुलिट्झर विशेष सन्मान देण्यात आला. त्याच्या अल्पायुष्याभोवती जी आख्यायिका निर्माण झाली, तिने आत्मनाश हेच प्रतिभेचे लक्षण मानण्याची घातक प्रवृत्ती पुढील पिढ्यांत रुजविली, असा आक्षेप घेता येतो. त्याच्या गीतांची बांधणी पाहता ती शिस्तीने घडविलेली आहेत आणि संपादक-प्रकाशक फ्रेड रोझ याचा त्यांच्या संस्करणात मोठा वाटा आहे. १९६१ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये रॉजर्स, विल्यम्स व रोझ या तिघांचीच प्रथम निवड झाली, ती या दृष्टीने यथार्थ होती.

या पहिल्या निवडीत स्त्री नव्हती. ३ मे १९५२ रोजी किटी वेल्स हिने मुद्रित केलेले उत्तरगीत हा स्त्रियांच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण दिवस म्हणता येईल. मद्यगृहातील स्त्रियांना दोष देणाऱ्या एका पुरुषगीताला ते प्रत्युत्तर होते. पुरुषांच्या बेइमानीलाही जाब विचारणारे हे गीत ‘बिलबोर्ड’च्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, एकट्या गायिकेला असे स्थान प्रथमच मिळाले. वेल्सचा स्वर संयत व घरगुती आहे आणि त्यामुळेच तक्रारीला नैतिक वजन येते. पॅट्सी क्लाइन (८ सप्टेंबर १९३२–५ मार्च १९६३) ही टेनेसीतील विमान-अपघातात तिशीतच वारली. तंतुवाद्यवृंदाच्या साथीने गायिलेल्या तिच्या गीतांनी कंट्री संगीत शहरी श्रोत्यापर्यंत नेले. स्वतंत्र गायिका म्हणून हॉल ऑफ फेममध्ये प्रथम तिची निवड झाली, ती १९७३ मध्ये. लोरेटा लिन हिला १९७२ मध्ये कंट्री म्यूझिक असोसिएशनचा वर्षातील सर्वश्रेष्ठ कलावंताचा पुरस्कार मिळाला. तो मिळविणारी ती पहिली स्त्री होय.

दुरुस्तीचे प्रयत्न : १९६० नंतर या संगीताचा विद्वत्तापूर्ण अभ्यास सुरू झाला. आर्ची ग्रीन याने १९६५ मध्ये ‘हिलबिली’ या संज्ञेचा इतिहास उलगडला आणि बिल मलोन याचा संपूर्ण कंट्री संगीताचा इतिहास १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. रिचर्ड पीटरसन याने १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अस्सलपणा हा या व्यवसायात जाणीवपूर्वक घडविला जातो, असे प्रतिपादन केले. अभ्यासाबरोबर कलावंतांनीही रूढ सीमांना धक्के दिले. रे चार्ल्स याने १९६२ मध्ये कंट्री गीतांचा संपूर्ण संच आपल्या शैलीत गाऊन ही गीते कोणत्याही एका वर्णाची मालमत्ता नसल्याचे दाखविले. ऑगस्ट १९६९ मध्ये लिंडा मार्टेल हिने ऑप्रीत गायन केले; एकटीने तेथे गाणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री होय. चार्ली प्राइड याला १९७१ मध्ये असोसिएशनचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पण हॉल ऑफ फेममध्ये येण्यास त्याला २००० सालापर्यंत वाट पाहावी लागली. १९२३ च्या सुमारास ज्या राज्यांतून हे संगीत नभोवाणीवर येऊ लागले होते, त्यांपैकीच टेक्ससमध्ये जन्मलेली बियॉन्से ही २०२४ मध्ये ‘बिलबोर्ड’च्या कंट्री गीतांच्या यादीत अग्रस्थान मिळविणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. तिच्या त्या वर्षीच्या गीतसंचात मार्टेलचाही आवाज आहे. या संचाला २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट कंट्री संचाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. हे यश कंट्री संगीतात बसते काय, असा जो वाद झाला, त्यात १९२० च्या दशकातील सूचिपत्रांची विभागणी अजूनही पुरती पुसली गेली नसल्याचे दिसून आले.

मूल्यमापन : स्मरणदिनांमुळे कंट्री संगीताला निःसंशय लाभ झाला. त्यांच्या निमित्ताने जुनी मुद्रणे शोधली गेली, त्यांचे पुनःप्रकाशन झाले, वृद्ध कलावंतांना अखेरच्या काळी श्रोता व सन्मान मिळाला आणि उपेक्षित प्रदेशांना आपल्या वारशाचा अभिमान वाटू लागला. १९७२ मध्ये निट्टी ग्रिट्टी डर्ट बँड या तरुण वादकांच्या गटाने मेबेल कार्टर, रॉय एकफ आदी ज्येष्ठांबरोबर काढलेला गीतसंच हा याच जाणिवेचा उत्तम आविष्कार होय. त्यात पूर्वसूरींचे स्मरण भाषणांनी नव्हे, तर सहवादनाने केले आहे.

या दिनदर्शिकेच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. ज्या घटनेची नोंद झाली आणि जिच्यातून विक्री झाली तीच तिला दिसते. अंगणात, गिरणीवस्तीत, चर्चमध्ये वा खाणकामगारांच्या बैठकीत जे गायिले गेले त्याला तिथी नाही. चाल लक्षात ठेवणाऱ्या रिड्लची किंवा मुलाला गिटार शिकविणाऱ्या पेनची शताब्दी कोणी साजरी केली नाही. ब्रिस्टलला जन्मस्थान मानले, की तेथे येण्यापूर्वीचे सारे काही प्रागैतिहासिक ठरते आणि त्या प्रागितिहासातच कृष्णवर्णीयांचा बहुतेक वाटा दडलेला आहे. म्हणून हे दिवस टाकून देण्यापेक्षा त्यांचा नेमका अर्थ लावणे इष्ट होय. १९२३, १९२५ व १९२७ या वर्षी एक संगीत जन्मास आले नाही; अनेकांनी मिळून घडविलेले संगीत त्या वर्षांत विक्रीयोग्य झाले, त्याला नाव मिळाले आणि त्याचे मालक ठरले. कार्सनच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेपासून बेलीच्या उशिरा झालेल्या सन्मानापर्यंतचा इतिहास या दृष्टीने वाचल्यास कंट्री संगीताचे मोल कमी होत नाही. उलट, स्वतःच्या सूचिपत्रांहून ते किती विशाल होते याची कल्पना येते.